विद्यार्थ्याने मारहाण केली तर शाळेने काय करावे, आणि ‘विशेष शाळे’चा विचार केव्हा करावा

एखाद्या मुलाने वर्गमित्राचे डोके फोडले किंवा बाईंच्या हाताला चावा घेतला, की शाळेत दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. आता काय करायचे, हा पहिला. आणि हे मूल आपल्याकडे राहू शकते का, हा दुसरा. मुख्याध्यापकांनी या दोन प्रश्नांची उत्तरे एकाच दिवशी देऊ नयेत. पहिल्या प्रश्नासाठी हातात काही मिनिटेच असतात, तर दुसऱ्यासाठी निदान दीड-दोन महिन्यांच्या नोंदी लागतात. ‘याला विशेष शाळेत टाका’ असे सांगून पालकांच्या हाती दाखला ठेवल्याचे जे प्रकार माझ्या पाहण्यात आले, त्या बहुतेकांत दुसऱ्या प्रश्नाचा निकाल पहिल्याच दिवशी लावलेला होता.

घटना घडत असताना त्या मुलाला ओढून बाहेर काढण्यापेक्षा बाकीच्या मुलांना वर्गाबाहेर नेणे सोपे जाते आणि सुरक्षितही असते. त्याच्याशी एकाच मोठ्या माणसाने, हातभर अंतर राखून, खालच्या आवाजात आणि शक्यतो त्याच्या घरच्या भाषेत बोलावे. सोलापूरच्या पूर्व भागात मराठी माध्यमाच्या वर्गातही तेलुगू बोलणारी मुले असतात आणि अक्कलकोटकडे कन्नड बोलणारी. अशा वेळी आहार शिजवणाऱ्या ताईंचे ‘इक्कड कूर्चो’ (इथे बस) हे दोन तेलुगू शब्द गुरुजींच्या दहा वाक्यांपेक्षा लवकर पोहोचतात. हातात वीट किंवा कर्कटक असेल, किंवा मूल रस्त्याकडे धावत असेल, तरच त्याला धरावे आणि धोका टळताच सोडावे. खोलीत कोंडणे, अंगठे धरून उभे करणे, सगळ्या वर्गासमोर माफी मागायला लावणे, यांतले काहीही करू नये, कारण शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळही निषिद्ध ठरवला आहे.

जखमी मुलाकडे मात्र त्याच क्षणी लक्ष गेले पाहिजे. चाव्याची जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी, डॉक्टरांना दाखवावे आणि दोन्ही घरी शाळेतून फोन जावा. मार खाल्लेल्या मुलाच्या पालकांना ही बातमी शेजाऱ्यांकडून कळली, तर दुसऱ्या दिवशी फाटकापाशी जमणाऱ्या लोकांना समजावणे अवघड होऊन बसते. आपले मूल उद्या कुठे बसेल आणि त्याच्यावर कोणाचे लक्ष असेल, हे त्या पालकांना नेमके सांगावे. नुसते ‘आम्ही बघतो’ म्हणू नये.

शाळा सुटण्यापूर्वी नोंद लिहून व्हायला हवी. तिच्यात ‘उद्धट’, ‘वेडसर’, ‘गुंड प्रवृत्तीचा’ असे शब्द नकोत, कारण ते वर्णन नसून निकाल असतो. एका वहीत आधी काय झाले, मुलाने काय केले आणि त्यानंतर काय झाले, असे तीन रकाने आखले की पुरे.

चौथीतल्या एका मुलाची अशी वही मी जवळून पाहिली आहे. एक नोंद अशी होती : ‘मंगळवार, १ वाजून १० मिनिटे, खिचडीची रांग. मागून धक्का लागला. वळून ताट मागच्या मुलाच्या डोक्यात घातले. नंतर नळापाशी भिंतीला टेकून बसला.’ महिनाभराच्या नोंदी एकाखाली एक वाचल्यावर दिसले, की जवळपास प्रत्येक मारामारी रांगेत किंवा जिन्यात झाली होती, आणि वर्गात मात्र तो नेहमी डाव्या अंगाला भिंत येईल अशीच जागा धरून बसायचा. त्याचा डावा कान लहानपणापासून वाहत होता. घरातच चार यंत्रमाग चालत असल्यामुळे सगळेच मोठ्याने बोलत, त्यामुळे त्याला कमी ऐकू येते हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. डावीकडून कोणी आलेले त्याला कळत नसे, आणि प्रत्येक धक्का त्याला हल्ला वाटे. कानावर उपचार सुरू झाले आणि रांगेत त्याला सगळ्यात पुढे उभे केले जाऊ लागले. मारामारी पूर्ण थांबली नाही, पण तोवर शाळेत ज्या मतिमंद मुलांच्या शाळेचे नाव घेतले जात होते, तो विषय बंद झाला.

म्हणून तपासणीचा क्रम कान, डोळे, झटके, झोप आणि मग घरची परिस्थिती असा असावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा अशा मुलाला वही दाखवून पुढे करावे, आणि गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांना लेखी पत्र देऊन बोलवावे. पुढील तपासणी सोलापूर शहरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात होऊ शकते. बुद्ध्यंक चाचणी झाली असेल, तर ती कोणत्या भाषेत घेतली, हे पालकांनी जरूर विचारावे. तेलुगू घरातल्या मुलाला मराठीत विचारलेले प्रश्न त्याची बुद्धी मोजतात की मराठी, हे सांगणे कठीण आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाची यादी आहे. तीत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, परंतु अतिचंचलतेचा (एडीएचडी) स्वतंत्र उल्लेख नाही. अशा मुलाला प्रमाणपत्र मिळाले नाही, म्हणून मदतही नाही, असा अर्थ शाळेने काढू नये.

आता दाखल्याविषयी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, पण काढून टाकण्याची बंदी तशीच राहिली. पालकांकडून ‘स्वखुशीने दाखला मागत आहे’ असा अर्ज लिहून घेणे ही तीच गोष्ट मागच्या दाराने करणे आहे.

पोलिसांचे नाव घेऊन मुलाला धाक घालू नये. बाल न्यायाच्या २०१६ च्या नियमांनुसार बालकाविरुद्ध गुन्हा दाखल होतो तो अतिगंभीर अपराधात, किंवा प्रौढांसोबत मिळून केलेल्या अपराधात. लैंगिक स्वरूपाचा प्रकार असेल, तर पॉक्सो कायद्याखाली कळवणे बंधनकारक असते, आणि तो शाळेत बसून मिटवता येत नाही. घरी मुलाला मारहाण होत असल्याची शंका आल्यास १०९८ वर कळवावे.

विशेष शाळेचा विचार कधीच करू नये, असे माझे म्हणणे नाही. मुलाला खुणांची भाषा हवी असेल, किंवा दिवसभर एकास एक पद्धतीने जेवण, शौच, कपडे ही कामे शिकवावी लागत असतील आणि आपल्याकडे ते करणारे कोणी नसेल, तर तिथे त्याचे भले होऊ शकते. परंतु या शाळा अंध, कर्णबधिर, मतिमंद अशा प्रवर्गांनुसार चालतात. ‘मारामारी करणारा’ हा प्रवर्ग त्यांच्यात नाही. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळची शाळा किंवा आपल्या पसंतीची विशेष शाळा, यांपैकी कोठेही मोफत शिकण्याचा हक्क २०१६ च्या अधिनियमाने दिला आहे. म्हणजे निवड त्या मुलाची आणि त्याच्या घरच्यांची आहे, मुख्याध्यापकांची नाही. करमाळ्याच्या मुलासाठी सोलापुरातील शाळा म्हणजे बहुधा वसतिगृह, आणि आठ वर्षांचे मूल आईपासून तोडल्यावर शांत होईल की आणखी हात उचलेल, याचा विचार कागदावर सही करण्यापूर्वी व्हायला हवा. घरी राहून शिकण्याची सोय शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र आणि बहुदिव्यांग मुलांना हक्क म्हणून मिळाली आहे. ती शिक्षा म्हणून वापरू नये.

हा निर्णय ज्या बैठकीत होईल, ती आईच्या विड्या कारखान्यात देऊन झाल्यावर किंवा वडिलांची पाळी संपल्यावर ठेवावी. पालकांच्या समोर आठ-दहा जणांनी बसू नये, आणि त्यांना आपला एक माणूस सोबत आणू द्यावा. सहा आठवडे कोण काय करणार, हे वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात लिहावे आणि त्याची प्रत पालकांना वाचून दाखवून द्यावी. त्यानंतरही शाळा बदलायचे ठरलेच, तर दाखल्यासोबत ती तीन रकान्यांची वही जायला हवी, म्हणजे नव्या शाळेतल्या बाईंना पहिल्याच दिवशी कळेल, की या मुलाला डावीकडून हात लावायचा नाही.