हापूस बाहेर पाठवायचाय ना, मग ही तयारी आधी करा

दरवर्षी मार्च लागला की गावाकडून कुणाचा तरी फोन येतोच, दादा यंदा आपला माल डायरेक्ट लंडनला पाठवायचा, तू वाशीत आहेस ना, जरा बघ. बघतो की, पण तोवर झाडावर आंबा अंड्याएवढा झालेला असतो आणि जी कामं मोहोराच्या वेळी करायची ती राहिलेली असतात. म्हणून यंदा सगळं एकदाच लिहून टाकतोय, तुर्भ्याच्या पॅकहाऊसमध्ये काही सीझन काढलेत त्यावरून.

सगळ्यात आधी बागेची नोंदणी. सातबारा घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जायचं आणि अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यातीचं बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, मँगोनेटमध्ये, म्हणजे निर्यातीच्या आंबा बागांच्या ऑनलाइन नोंदवहीत, बाग चढवून घ्यायची, आधीची असेल तर ती अजून चालू आहे का तेही बघायचं. शेजारच्याची नोंदणी आहे, त्याच्या नावावर आपले चार क्रेट ढकलू, हे डोक्यातून काढून टाका, कारण पुढे कुठल्याही पेटीवरचा नंबर वाचून ती कुठल्या बागेतली ते सांगता आलं पाहिजे, आणि बाहेर काही सापडलं तर पहिला प्रश्न तोच येतो.

मग फवारणीची वही. वही म्हणजे खरंच वही, कॅलेंडरवर पेनाने मारलेली खूण नाही. तारीख, औषधाचं नाव, किती टाकलं, आणि शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत किती दिवस गेले. युरोपात ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे हजार टन आंब्यात दहा ग्रॅम, एवढंसं. क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक तर त्यांनी २०२० मध्येच बंद केलं, आणि आपल्याकडे दुकानदार मोहोरावरच्या तुडतुडे किडीवर अजून काय काय हातात ठेवतो ते तुम्हाला माहितीये. त्यामुळे औषध घेताना बाटलीवरचं नाव वाचा, भाव नंतर विचारा. काढणीच्या आधी नमुना लॅबला देऊन रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे फळात औषधाचा अंश किती राहिलाय त्याचा, हातात घ्या, नंतर घेऊन त्याचं काय लोणचं घालायचंय?

फळमाशीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण खरी मारामारी तिथेच आहे. १ मे २०१४ ला युरोपने आपला आंबा बंद केला होता, सोबत वांगं, कारलं, पडवळ आणि अळूसुद्धा, ते कशामुळे, तर मालात फळमाशी आणि असल्याच किडी सापडत राहिल्या म्हणून. ऐन सीझनमध्ये. आंब्यावरची बंदी पुढच्या वर्षी उठली पण त्या मे महिन्यात इथे मार्केटला जो माल उतरला तो आठवतो मला. ही माशी फळाच्या सालीत अंडी घालते, बाहेरून काहीच दिसत नाही, आणि तिकडे इन्स्पेक्टरने आंबा कापला की आत अळी. म्हणून मिथाइल युजेनॉलचे, म्हणजे नर माशीला वासाने ओढणारे, सापळे, दापोलीच्या विद्यापीठाचा रक्षक सापळा चालतो, वेळेत लावा, आणि त्यात नर पकडले जातात म्हणून नुसता सापळा टांगून झोपू नका, खाली पडलेला आंबा रोज गोळा करून खड्ड्यात पुरा. हे पुरायचं काम कुणीच करत नाही. सगळे म्हणतात करतो.

काढणी झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठ ठेवून, आंबा चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण तयार, झालेला. चीक सालीवर उतरला की डाग, आणि डाग पडलेलं फळ बायर घेत नाही. पिकवायला कार्बाइड विषयच नको, ते आपल्या देशातच बंद आहे. पेटीत भाताचा पेंढा पण नको, घरी कितीही बरा वाटला तरी, त्यातून कीड जाते.

आता माल वाशीत आला की पुढची ट्रीटमेंट, म्हणजे फळातली माशीची अंडी-अळ्या निकामी करायची प्रक्रिया, देशाप्रमाणे बदलते आणि इथेच नवीन लोक गोंधळतात. युरोपला गरम पाणी, ४८ डिग्रीला ६० मिनिटं. जपानला वाफ, फळाच्या आत ४७.५ डिग्री आणि तिथे २० मिनिटं धरायचं. अमेरिकेला विकिरण, कमीत कमी ४०० ग्रे (किरणांचा डोस मोजायचं एकक), आणि नाही, त्याने आंबा किरणोत्सारी होत नाही, हा प्रश्न मला घरी सासऱ्यांनी पण विचारलाय. पणन मंडळाच्या या सोयी वाशीतच आहेत पण मे महिन्यात स्लॉटसाठी रांग असते, तर बुकिंग आधी. अमेरिकेच्या मालाला त्यांचा इन्स्पेक्टर इथे लागतो, २०२० आणि २०२१ ला तो येऊ शकला नाही म्हणून दोन सीझन तिकडे आंबा गेलाच नाही.

पेटीला हवेची भोकं असतात त्यांना बारीक जाळी हवी, नाहीतर ट्रीटमेंट करून बाहेर काढलेल्या आंब्यावर परत माशी बसणार. खाली लाकडी पॅलेट असेल तर त्यावर तो गव्हाच्या ओंबीसारखा शिक्का आहे ना बघा, म्हणजे लाकूड ५६ डिग्रीला अर्धा तास तापवलेलं किंवा धुरी दिलेलं असतं. शिक्का नसला तर आंबा सोन्याचा असला तरी पॅलेटपायी अडकतो.

आणि कागद. आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा कोड नंबर, अपेडाचं रजिस्ट्रेशन वगैरे सीएचए, म्हणजे कस्टमचं काम बघणारा एजंट, सांगेलच, ते सोडा. फायटो, म्हणजे मालात कीड-रोग नाही असं सरकारी प्रमाणपत्र, मात्र स्वतः वाचा, ओळ न् ओळ. आम्ही एकदा इन्व्हॉइसवर २४० पेट्या आणि फायटोच्या अर्जात २०४ लिहिल्या होत्या, टाईप करताना आकडे उलटले, चूक आमचीच, फ्लाईट गेली आणि माल तिसऱ्या दिवशी इथल्याच मार्केटमध्ये मिळेल त्या भावाने गेला. हे तरी बारीक, २०२५ च्या मेमध्ये अमेरिकेत आंब्याच्या १५ कन्साईनमेंट विकिरणाच्या कागदात गडबड आहे म्हणून नाकारल्या गेल्या, परत आणायचा खर्च परवडत नाही म्हणून तो माल तिकडेच नष्ट करावा लागला, नुकसान साधारण पाच लाख डॉलरचं.

मासळी निर्यातवाल्यांचं पण थोडं सांगतो कारण तळोज्याच्या मासळी युनिटमधली पोरं विचारतात. तिथे आंब्यासारखी माशी नाही, अँटिबायोटिक आहे. कोळंबीच्या तळ्यात क्लोरॅम्फेनिकॉल किंवा नायट्रोफ्युरान कुणी टाकलं तर युनिटने कितीही धुतलं तरी टेस्टमध्ये येतं, म्हणून तळ्याचा नंबर आणि चाऱ्याचं बिल आधी मागा. युरोपने २०१६ पासून आपल्या तळ्यातल्या कोळंबीचे निम्मे लॉट तपासायला घेतले, आधी दहा टक्के तपासायचे.

शेवटचं, प्रत्येक लॉटमधली एक पेटी इथेच ठेवा, तिकडून तक्रार आली तर आपल्याकडे बघायला काहीतरी पाहिजे. आम्ही ठेवतो. दोन वर्षं ती पेटी ऑफिसात ठेवली आणि दोन्ही वर्षं चौथ्या दिवशी डब्यात आमरस होता, म्हणून आता तिला कुलूप आहे आणि चावी माझ्याकडे नाही.