फिट की अर्धशिशी? डोकेदुखीवरून ठरवण्याची चूक टाळा

डोळ्यांपुढे चमकलं, मग डोकं ठणकायला लागलं, की घरोघरी निदान ठरलेलं: अर्धशिशी. पण फिटनंतरही, म्हणजे आकडीनंतरही, डोकं दुखतं आणि मळमळतं. त्यामुळे डोकेदुखीवरून फरक कळत नाही. तिच्याआधी काय झालं आणि किती वेळ चाललं, हे पाहावं लागतं.

अर्धशिशीचा ऑरा, म्हणजे डोकेदुखीआधीची लक्षणं, सावकाश चढतो. लखलखती नागमोडी रेघ नजरेच्या मध्याजवळ उमटते आणि हळूहळू कडेला सरकते. सगळं मिळून 5 मिनिटं ते तासभर. ऑरामागे मेंदूवरून विद्युत बदलांची एक लाट सरकते, तीच मिनिटाला जेमतेम 3 मिलिमीटर पुढे जाते. मेंदूच्या मागच्या भागातली फिट मात्र काही सेकंदांतच उभी राहते. रंगीत गोळे दिसतात, बरेचदा दर वेळी त्याच बाजूला, आणि बहुधा 2-3 मिनिटांत खेळ संपतो. ठाणे-वाशी लोकलचा अर्धा तास धरला, तर ऑरा बरेचदा त्यातला मोठा भाग व्यापतो, कधी त्याहून लांबतोही. फिट पहिलं स्टेशन यायच्या आत उरकते.

टक लावून बघणं, ओठ चाटत राहणं, शर्टाची बटणं चाचपणं, नंतर काहीच न आठवणं, जिभेच्या कडेला चावा: याला अर्धशिशी म्हणून सोडून देऊ नका. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) नॉर्मल आला म्हणजे फिट नव्हती, असंही नाही. दोन झटक्यांच्या मधल्या काळात तो नॉर्मल येऊ शकतो. घरच्यांनी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ न्यूरोलॉजिस्टला फार उपयोगी पडतो.

फलाटावर कुणाला आकडी आली की कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा हमखास पुढे येतो. यातल्या कशानेही फिट थांबत नाही. तोंडात चमचा घातला तर दात तुटतात. आधी घड्याळ बघा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, झटके थांबले की कुशीवर वळवा. 5 मिनिटं उलटली, शुद्ध न येता दुसरी फिट आली किंवा ही पहिलीच असेल, तर 108.

शुद्ध येताच पाणी पाजण्याची घाई नडते, ठसका लागून ते श्वासनलिकेत जातं. नाव, वार, ठिकाण नीट सांगता आल्यावरच घोटभर द्या. गोंधळलेपण अर्धा-एक तास राहू शकतं, थकवा दुसऱ्या दिवसापर्यंत. झोपू द्या, पण कुशीवर. डोकं दुखत असेल आणि पॅरासिटामॉल नेहमी चालत असेल, तर तेच द्यावं. ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी नको, तिने फिटची शक्यता वाढते. एक हात किंवा पाय लुळा पडला, तर फिटचा परिणाम असेल म्हणून थांबू नका. पक्षाघात नाही हे रुग्णालयातच ठरतं.

फिटची गोळी चुकली असेल, तर मनाने दुप्पट घेऊ नका, डॉक्टरांना फोन करा. ते हो म्हणेपर्यंत पामबीच रोडवर स्कूटर नको, एकट्याने पोहणं नको आणि बाथरूमची कडी आतून नको.