कानाचं मशीन घेताय? आधी हे बघा
स्वस्त साउंड अ‍ॅम्प्लिफायर आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणारं हिअरिंग एड दिसायला सारखंच असतं पण प्लीज गल्लत करू नका. अ‍ॅम्प्लिफायर सगळंच मोठं करतो, बोलणंही आणि भांड्यांचा खणखणाटही, आणि मुळात तो नीट ऐकू येणाऱ्यांसाठी असतो. हिअरिंग एडमध्ये बारीक, म्हणजे उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येत असतील तर तेवढेच वाढवता येतात. अमेरिकेत २०२२ पासून हे थेट दुकानात मिळतं, पण १८ वर्षं आणि त्यावरच्यांना, आणि ऐकणं थोडं किंवा मध्यम कमी झालं असेल तरच, आवाजाची कमाल मर्यादाही ठरलेली आहे, १११ डेसिबल, आणि मोठे आवाज आपोआप दाबायची सोय चालू असेल तर ११७. परत करायची मुदत बघूनच घ्या, गोंगाटात वापरल्याशिवाय काही कळत नाही. आणि हो, एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर मशीन शोधत बसू नका, लगेच कानाच्या डॉक्टरकडे जा.