दारू सोडायचीय? जवळची मीटिंग अशी शोधा

दादाला दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मीटिंगला पहिल्यांदा नेलं, त्या संध्याकाळी मीटिंग भरायची त्या शाळेवरून आम्ही स्कूटरनं तीनदा गेलो. पत्ता खिशात होता. कोपऱ्यातल्या वर्गात दिवा दिसत होता, दाराशी दहाबारा जणांच्या चपला होत्या. तरी मागून दादा प्रत्येक वेळी म्हणायचा, "अजून एक चक्कर मार." पत्ता मिळवायला मला दोन फोन पुरले होते. दारातून आत जायला त्याला पाऊण तास लागला. म्हणून दोन्ही गोष्टी सांगतो.

त्याआधी एक. रोज सकाळपासून पिणाऱ्यानं डॉक्टरला न विचारता दारू एका झटक्यात बंद करू नये. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या एकदोन दिवसांत फिट येते, दोनतीन दिवसांनी भास होऊ लागतात, आणि यात जीवही जाऊ शकतो. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात किंवा आपल्या डॉक्टरांकडे जा आणि किती पितो ते खरं सांगा. मीटिंग हा औषधोपचाराला पर्याय नाही, दोन्ही बरोबर चालू शकतं.

मी इथे बोलतोय ते अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसबद्दल. सगळे त्याला नुसतं 'एए' म्हणतात. 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक सर्जन भेटले. दोघेही दारूनं पार खचलेले. एकमेकांशी बोलत राहिल्यानं पिणं टळतं, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यातून एए उभं राहिलं. 1957 पासून आपल्याकडे मुंबईतही ते आहे. सभासद व्हायला एकच गोष्ट लागते, दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, फॉर्म नाही, जातधर्म कुणी विचारत नाही.

पत्ता कुठे मिळतो

एएच्या भारतातल्या कार्यालयाची वेबसाइट आहे, तिथे आपलं शहर शोधा आणि दिलेल्या क्रमांकावर फोन करा. नेट जमत नसेल तर सरकारच्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनला 14446 वर विचारा, हा फोन मोफत आहे. जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशकांनाही आसपासचे एएचे समूह बहुधा माहीत असतात. पुण्यात येरवड्याचं मुक्तांगण 1986 पासून हेच काम करतंय, तिथेही विचारता येईल. समूह शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, समाजमंदिर अशा साध्या जागी भरतात, त्यामुळे मोठा बोर्ड शोधू नका. गावात समूह नसेल तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी चौकशी करा. तेही दूर पडत असेल तर ऑनलाइन मीटिंगा असतात. पण आठवड्यातून एकदा तरी माणसांत जाऊन बसावं, असं मला मनापासून वाटतं.

फोनवर काय विचारायचं

दिवस आणि वेळ पक्की करा, कारण यादी जुनी असू शकते. भाषा विचारा. मुंबईत मराठी, हिंदी, इंग्रजी असे वेगवेगळे समूह आहेत, आणि आपलं दुःख आपल्याच भाषेत बोलता येणं ही फार मोठी सोय आहे. मीटिंग ओपन आहे की क्लोज तेही विचारा. ओपनला घरचं माणूस सोबत बसू शकतं, क्लोज फक्त पिणाऱ्यांसाठी.

आणि शेवटी हे नक्की म्हणा: "मी पहिल्यांदाच येतोय, गेटवर कुणी भेटेल का?" आम्ही हे विचारलं नव्हतं, म्हणून त्या चकरा झाल्या. शेवटी एक काका वर्गातून बाहेर आले, दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मीपण असाच गेटवर उभा होतो. चला, चहा घेऊ." बास, तेवढ्यावर तो आत गेला. शक्यतो फोनही पिणाऱ्यानं स्वतः करावा. पलीकडे बहुधा दारू सोडलेलाच कुणी असतो, त्याला आडवळणानं काही सांगावं लागत नाही.

आत काय होतं

तासदीड तास एकेक जण आपला अनुभव सांगतो. मध्ये कुणी तोडत नाही, उपदेश करत नाही. नुसतं पहिलं नाव सांगायचं. बोलायचं नसेल तर "आज ऐकतो" म्हणा, चालतं. एक पिशवी फिरते, ती जागाभाडं नि चहासाठी. नव्या माणसानं काही टाकलंच पाहिजे असं नाही. इथे ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, हा नियम सगळे पाळतात. निघताना दोनतिघांचे नंबर मात्र घ्या. पिण्याची ओढ रात्री नऊला लागते, मीटिंग तेव्हा संपलेली असते.

घरच्यांसाठी अल-अनॉन हे वेगळे समूह आहेत, आणि मुक्तांगणमध्ये पत्नींचा 'सहचरी' गट. माणूस मीटिंगला यायला तयार नसला तरी घरच्यांनी जायला हरकत नाही. वहिनी दादाच्या आधी दोन महिने जात होती.

एका मीटिंगवरून मत बनवू नका. माणसं वेगळी, की समूहाची हवाही वेगळी. मध्ये पिणं झालं तरी दुसऱ्या दिवशी परत जा, कुणी हाकलत नाही. त्या पहिल्या समूहात बोलणं बहुतेक इंग्रजीतून चालायचं, दादा अवघडून बसायचा. चौथ्या आठवड्यात स्टेशनजवळचा मराठी समूह सापडला. तिथे पहिल्याच दिवशी तो वीस मिनिटं बोलला.