ऑनलाइन वर्गात संख्याशास्त्र शिकवताना

सातारा-सांगलीतील पदवीच्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र ऑनलाइन शिकवायचे असेल, तर सूत्र सिद्ध करण्याआधी त्यांच्या हाती आकडे द्यावेत. पडद्यावर सरकणारी सिद्धता विद्यार्थी उतरवून घेतात. स्वतः काढलेले उत्तर मात्र त्यांना विचार करायला लावते.

सुरुवात पावसापासून करावी. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरांच्या आसपास असतो. सातारा जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांचे आकडे देऊन सरासरी व मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढायला सांगावे आणि मग महाबळेश्वर वगळून तेच पुन्हा करायला लावावे. सरासरी एकदम खाली येते, मध्यक फारसा हलत नाही. कोणते माप कुठे वापरावे, याची चर्चा त्यानंतरच करावी.

माझ्या मते खरा वेळ नमुना निवडीला द्यावा, कारण संख्याशास्त्रीय चाचण्या आणि अंदाज यांचा सगळा डोलारा तिच्यावर उभा असतो. उसाच्या दोनशे प्लॉटांचे एकरी उत्पादन मांडलेली एक गूगल शीट, आकडे काल्पनिक आहेत हे स्पष्ट सांगून, सर्वांना पाठवावी. प्रत्येकाने यादृच्छिक (चिठ्ठी टाकल्यासारखे) क्रमांक देणाऱ्या ‘रँडबिटवीन’ फंक्शनने दहा क्रमांक काढावेत, त्या प्लॉटांची सरासरी सामायिक शीटमध्ये भरावी आणि शिक्षकाने तिथेच आयतालेख (हिस्टोग्राम) काढावा. साठ विद्यार्थ्यांच्या साठ सरासऱ्या वेगवेगळ्या येतात, तरी खऱ्या सरासरीभोवती गोळा होतात, हे प्रत्यक्ष वर्गातही इतक्या झटपट दाखवता येत नाही. पुढे दहाऐवजी चाळीस क्रमांक काढायला सांगावे. नमुना चौपट झाला की सरासऱ्यांचा पसारा साधारण निम्मा होतो, आणि हा पसारा मोजणाऱ्या प्रमाण त्रुटीच्या सूत्रातील नमुन्याच्या आकाराचे वर्गमूळ तेव्हा उमगते.

नमुना वाढवला म्हणजे प्रत्येक चूक निघून जाते, हा समज इथेच दूर करावा. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पीक कापणीच्या, म्हणजे शेतातला ठरावीक तुकडा कापून उत्पादनाचा अंदाज काढण्याच्या, अभ्यासातून दाखवले, की कापणीसाठी फार लहान तुकडा घेतला तर हद्दीवरची रोपे आत धरली जाऊन उत्पादनाचा अंदाज फुगतो. असे तुकडे कितीही वाढवले तरी तो फुगवटा जात नाही.

माण किंवा जतच्या वाडीवस्तीवर नेट खंडित होऊ शकते, म्हणून ध्वनिमुद्रित भाग दहा मिनिटांचे ठेवावेत आणि शीट मोबाइलवर नेटशिवाय उघडेल अशी द्यावी. परीक्षेत हजेरी क्रमांकानुसार वेगळे आकडे द्यावेत आणि निम्मे गुण उत्तराचा अर्थ दोन मिनिटांच्या आवाजी संदेशात, स्वतःच्या शब्दांत सांगण्यासाठी राखावेत.