निळी कॅप पांढरी होईपर्यंत

बीडीएसनंतर पहिली नोकरी लातूरच्या एका क्लिनिकात धरली. तिथे मिलिंग मशीन होतं, म्हणजे सिरॅमिकच्या ठोकळ्यातून (ब्लॉकमधून) दातावर बसवायची कॅप कापून देणारं. कॉलेजात आम्ही माप घ्यायचो, लॅबला पाठवायचो आणि आठवडाभर विसरून जायचो. इथे मशीनचं दार उघडलं की जांभळट-निळी कॅप हातात. मला वाटलं, झालं! सर म्हणाले, “आता तुझं काम सुरू.”

निळी का, तर लिथियम डायसिलिकेट या सिरॅमिकचा ब्लॉक मुद्दाम अर्धकच्चा ठेवलेला असतो, बरने (घासायच्या फिरत्या टोकाने) कापता यावा म्हणून. भट्टीत ८४०-८५० अंशांवर त्याचे स्फटिक पूर्ण होतात, रंग दातासारखा होतो, मजबुती दुपटीहून जास्त वाढते. म्हणून घासायचं ते निळी असतानाच. पांढरी झाल्यावर जोरात घासली तर तापते, बारीक चीर पडते आणि ती तेव्हा दिसतही नाही.

पहिलं काम स्प्रू काढायचं, म्हणजे ब्लॉकला जोडलेला तो खुंट. बारीक डायमंड बर, हलका हात. खुंट बऱ्याचदा शेजारच्या दाताच्या बाजूला असतो, त्यामुळे जरा जास्त घासलं की कॉन्टॅक्ट (शेजारच्या दाताला टेकणारी जागा) गेला, आणि मग मटणाचा धागा रोज तिथेच अडकणार. कॅप दातावर ठेवून आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने फ्लॉस (दातांच्या फटीत घालायचा दोरा) घालून पाहा; ‘टक्’ करून उतरला पाहिजे. निळी कॅप ठिसूळ असते, त्यामुळे तोंडात बसवून पेशंटला करकचून चावायला सांगू नका. नंतर लाळ आणि बाइट पेपरचा (चावा कुठे टेकतो ते दाखवणाऱ्या रंगीत कागदाचा) रंग धुऊन टाका.

(मशीनच्या टाकीत बोअरचं पाणी ओतायचं नाही. लातूरकरांना क्षाराचं वेगळं सांगायला नको.)

माझी चूक ग्लेझला, म्हणजे भाजण्याआधी बाहेरून लावायच्या चकाकीच्या लेपाला झाली. औशाकडचे एक आजोबा होते. निळी कॅप पाहून म्हणाले, “निळा दात बसवायलाव का काय मला?” मी हसत हसत ग्लेझ लावला आणि ब्रशचा एक थेंब आतल्या बाजूला गेला. भाजून आली तर कॅप बसेना, काठाला फट. मी तासभर काठच तपासत होतो. सरांनी उजेडात आत पाहिलं: एक चकचकीत ठिपका. दुसरा ब्लॉक लावावा लागला. तेव्हापासून भट्टीतल्या पिनवर बसवताना आतली पोकळी पुटीने (भट्टीत टिकणाऱ्या लगद्याने) काठापर्यंत भरतो, ग्लेझ मगच. भट्टीत ठेवण्याआधी भिंगातून एकदा काठ पाहतो.

भट्टीचं एक सांगतो. साध्या इन्व्हर्टरला तिचा भार झेपत नाही, आणि आपल्याकडे उन्हाळ्यातली दुपारची लाइट कशी असते ते माहीतच आहे. लाइट जाण्याची वेळ टाळून फायरिंग लावा. झाल्यावर कॅप आपोआप गार होऊ द्या. फुंकर नको, पाणी तर नकोच.

चिकटवण्याआधी आतून ५ टक्क्यांचं हायड्रोफ्लोरिक ॲसिड २० सेकंद, भरपूर पाणी, मग सायलेन (सिमेंट नीट धरावं म्हणून लावायचा द्रव) ६० सेकंद. ग्लोव्हज, चष्मा घालूनच, आणि तोंडाबाहेर. झिर्कोनिया या दुसऱ्या सिरॅमिकच्या कॅपला हे ॲसिड चालत नाही. त्याला आतून हलकं सँडब्लास्टिंग (हवेच्या दाबाने बारीक कणांचा मारा) आणि वेगळा प्रायमर (चिकटवण्याआधीचा लेप) लागतो.

आजोबांची कॅप चिकटेपर्यंत त्यांची सहाची एसटी गेली होती. सरांनी मला चावी दिली आणि म्हणाले, “स्टँडवर सोड, आणि पुढच्या गाडीत बसेपर्यंत थांब.”