अलिबागला दोन दिवस, कमी पैशात: या चुका टाळा

अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याच्या दरवाजात आम्ही चौघं उभे होतो आणि समोर, दोन तासांपूर्वी जिथून चालत आलो होतो तिथे, कमरेएवढं पाणी होतं.

चूक साधीच. सकाळी पोचल्यावर आधी मिसळ, मग चहा, मग एकाला टोपी घ्यायची होती. साडेअकराला किनाऱ्यावर आलो तेव्हा पाणी घोट्यापर्यंत. ‘अरे, पटकन जाऊन येऊ.’ आत सिद्धिविनायकाचं दर्शन, गोड्या पाण्याची विहीर, तटावरून फेरी, फोटो. दीड वाजला. होडीनं परत आलो आणि चौघांचे जे पैसे गेले त्यात दुपारची एक सुरमई थाळी सहज आली असती.

रात्री मुक्कामाच्या घरच्या काकूंना हे सांगितलं. त्यांनी पोळी लाटता लाटता विचारलं, “आज तिथी काय?” कुणालाच माहीत नाही. त्यांनी लाटण्यानेच भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. “पंचमी. पाचाची पाऊणपट किती? पावणेचार. पावणेचारला पूर्ण भरती, म्हणजे ओहोटी साडेनऊची. आणि तुम्ही निघालात साडेअकराला!”

हा हिशेब किनाऱ्यावर सगळ्यांना पाठ असतो. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, फरक नाही. त्याच्या सव्वासहा तास मागे-पुढे ओहोटी. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून पाऊणपट. अर्धा तास इकडेतिकडे होतो, तेव्हा भरती-ओहोटीचं तयार वेळापत्रकही मोबाइलवर बघून ठेवा. किल्ल्यावर ओहोटीच्या दीड तास आधीपासून जाता येतं. ओहोटी उलटल्यावर मात्र तासाभरात परतीला लागायचं.

खरं तर सहलीची तारीखच तिथी बघून ठरवावी. तृतीया ते षष्ठी उत्तम: ओहोटी सकाळी आठ ते सव्वादहाच्या दरम्यान, ऊन चढायच्या आत किल्ला पाहून होतो. अष्टमी-नवमीला ओहोटी दुपारी येते खरी, पण तेव्हा भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीचा चढउतार कमी. समुद्र पुरता मागे हटत नाही आणि घोडागाडी करावी लागू शकते. घोडागाडीचा दर बसण्याआधी ठरवा, जाऊन-येऊन किती ते स्पष्ट विचारा. आणि चपला हातात घेऊन अनवाणी चालू नका. खडकांना कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार ब्लेडसारखी लागते.

किल्ल्यात चाकांच्या गाड्यावरच्या दोन तोफा आहेत. त्यांच्याजवळ उभं राहून ‘कान्होजी आंग्र्यांच्या तोफा’ म्हणून फोटो टाकणारे रोज दिसतात. कान्होजी 1729 साली गेले. तोफेवर साल कोरलंय 1849 आणि कारखाना इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. वाचायला दोन पावलं पुढे गेलं की झालं.

ओहोटी दुपारची असेल तर सकाळ वाया जात नाही. गावातच कान्होजींची समाधी आहे, तिथे जायला खर्च नाही. समुद्राजवळची चुंबकीय वेधशाळा बाहेरून बघता येते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतली नाजूक मोजमापं बिघडतील, म्हणून 1904 पासून हे काम अलिबागेत आणलं. कुलाब्याहून निघून पुन्हा कुलाबा किल्ल्याच्याच शेजारी, ही गंमत.

जाण्यायेण्यातल्या चुका

गेटवेहून मांडव्याची लाँच साधारण तासाभरात सोडते आणि पुढे अलिबागपर्यंतची बस बहुधा त्याच तिकिटात असते. पुष्कळ जण हे न विचारता मांडव्याला उतरून थेट रिक्षात बसतात. तिकीट काढतानाच विचारा आणि तिकीट फेकू नका. परतीची बस लाँचच्या वेळेच्या बरीच आधी अलिबागहून निघते, तीही वेळ उतरल्या उतरल्या लिहून घ्या. रविवारी संध्याकाळची शेवटची लाँच धरायची हाव धरू नका. तिच्यासाठी सगळं अलिबाग रांगेत असतं. चुकलीच तर घाबरू नका, एसटीने पनवेल गाठा, तिथून लोकल आहे. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून गाड्याही नेणारी रो-रो बोट, नाहीतर एसटी. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे आणि 75 वर्षांवरच्यांना प्रवास मोफत, त्यामुळे घरातली मंडळी बरोबर असतील तर सगळ्यात स्वस्त तीच. आजी-आजोबांचं आधार कार्ड मात्र बरोबर हवं.

चौघांत गाडी स्वस्त पडते असं वाटतं. शनिवारी सकाळी वडखळच्या नाक्यावर तासभर उभं राहिलात की पुढच्या वेळी वाटणार नाही. गाडी नेलीच तर नागाव-रेवदंड्याच्या वाळूत घालू नका. तिथे गाडी चालवायला मनाई आहेच, शिवाय भरती आली की चाकं रुततात आणि ट्रॅक्टरवाला त्या क्षणी मागेल ते द्यावं लागतं.

गावातून नागाव, आक्षी, रेवदंड्याला मिनीडोर, म्हणजे मोठ्या रिक्षा, मिळतात, सीटवर जाणाऱ्या. स्पेशल रिक्षा करण्याआधी स्टँडजवळ दोन मिनिटं थांबा.

आणखी एक: दोन दिवसांत मुरुड-जंजिरा कोंबू नका. मुरुड अलिबागहून पन्नासेक किलोमीटर, पुढे राजपुरीहून होडी. येण्याजाण्यातच दिवस जातो. रेवदंडा आणि पलीकडचा कोर्लई किल्ला जवळ आहेत, तेवढं पुरे.

जेवण

बीचसमोरच्या हॉटेलात मेनूकार्डावर पापलेटपुढे भाव नसतो, ‘साइजप्रमाणे’ असं असतं. ताट आल्यावर साइज कळते. आधी मासा बघा, भाव विचारा, मग तळायला सांगा. त्याहून बरं म्हणजे घरगुती खानावळ. तिथे सकाळी दहाच्या आत सांगावं लागतं. एक वाजता दारात जाऊन ‘काय आहे?’ विचारलंत तर अंडाकरी मिळेल. जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्या दिवसांत ‘ताजी सुरमई’ म्हणणाऱ्याकडे सोलकढी पिऊन निघावं. थोडी रोख रक्कम जवळ ठेवा, रेंज गेली की मोबाइलवरून पैसे जात नाहीत.

राहायला अलिबाग शहरातच हवं असं नाही. वरसोली, आक्षी, नागावला वाडीतल्या खोल्या आठवड्याच्या मधल्या वारी निम्म्यात मिळू शकतात. फोनवर विचारताना ‘सकाळी अंघोळीला गरम पाणी, चहा-नाश्ता धरून किती?’ हे एकदम विचारा.

पाण्यात उतरताना चढत्या भरतीला उतरा. ओहोटीला पाणी आत ओढतं, आणि शांत दिसतं तेव्हाच जास्त फसवतं. स्थानिक पोरं बाहेर बसली असतील तर तुम्हीही बसा.

येताना पांढरा कांदा आणायचाच असतो. भातानंतर लावलेला हा कांदा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो आणि उन्हाळाभर माळा टांगलेल्या दिसतात. 2022 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून मागणी वाढली आणि बाहेरचा पांढरा कांदाही ‘अलिबागचा’ म्हणून खपू लागला. दिवाळीत कुणी माळ पुढे केली तर ती कुठली ते विचारा. आणि हंगामात घेतलात तर एक तिथेच कापून चाखा: डोळ्यांत पाणी न आणणारा, कच्चा खाल्ला तरी गोडसर लागला, तर माळ घ्या. घरी नेल्यावर वाऱ्याला टांगा, पिशवीत बांधून ठेवलात तर आठवड्यात कोंब येतील.